चोरीची पहिलीच केस: माफीनामा लिहून देण्याआधी हे वाचा

इंदूरच्या कोर्टात एका वकिलांकडे मी फायली सांभाळते, मुन्शीचं काम म्हणा. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठून कुठून आपली माणसं येतात, पोरगा मॉलमध्ये पकडला गेला, कामवाल्या मावशींवर आळ आला, भाच्याने बिलाशिवाय जुना मोबाईल घेतला आणि तो चोरीचा निघाला. आणि दहातले आठ जण एकच गोष्ट उलटी करून आलेले असतात. आधी माफी लिहून देतात, पैसे भरतात, "साहेब मिटवून टाका" म्हणून चार लोकांच्या पाया पडतात, आणि मग वकील शोधतात. तोपर्यंत फाईलमध्ये नको तो कागद लागलेला असतो.

मी वकील नाही. पण क्रम कुठे चुकतो ते रोज दिसतं, म्हणून लिहितेय. हे १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांसाठी आहे, म्हणजे भारतीय न्याय संहिता लागू झाल्यानंतरच्या. घटना त्याआधीची असेल तर जुनं आयपीसी ३७९ वगैरे लागतं आणि खालचे काही फायदे तसेच्या तसे मिळत नाहीत.

टप्पा १: ठाण्यातून फोन आला, आता पहिला तास

फोनवर हो-नाही काहीच सांगू नका. "कधी यायचं, कोणत्या प्रकरणात, नोटीस मिळेल का", एवढंच विचारा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी सरळ उचलून नेणं हा नियम नाहीये, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम ३५(३) खाली हजर राहण्याची लेखी नोटीस देता येते आणि सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या अर्णेश कुमार निकालात अटक का गरजेची आहे ते कारण लिहायला लावलंय. साध्या चोरीला तीन वर्षं, घरातल्या किंवा नोकराने केलेल्या चोरीला सात, म्हणजे सगळं याच चौकटीत येतं.

नोटीस मिळाली की तिच्यावर दिलेल्या तारखेला जायचंच. नियमित जात राहिलात तर अटकेसाठी त्यांना वेगळं कारण लिहावं लागतं. गेला नाहीत तर तेच कारण होतं. व्हॉट्सअपवर आलेली नोटीस कायद्याने पुरेशी नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये सांगितलंय, पण त्या भरवशावर घरी बसून राहू नका, वकिलाकरवी उत्तर पाठवा की कागदावर नोटीस द्या, आम्ही येतो.

सावध: मोबाईल फॉरमॅट करणं, मेसेज पुसणं, "मामाकडे उज्जैनला जाऊन ये आठ दिवस", यातलं काहीही नको. जामिनाच्या वेळी हेच वाचून दाखवतात.

पोरगं अठराच्या आतलं असेल तर दहावीची मार्कशीट किंवा जन्मदाखला घेऊन पहिल्याच मिनिटाला टीआय साहेबांना, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखाला, दाखवा. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि रस्ता पूर्ण वेगळा आहे, हा लेख त्याच्यासाठी नाही.

टप्पा २: कलम आणि किंमत, हे दोन आकडे आधी

सगळी केस या दोन आकड्यांवर फिरते आणि हेच कोणी बघत नाही. एफआयआरची कॉपी काढा. संवेदनशील प्रकरणं सोडली तर एफआयआर पोलिसांच्या साइटवर टाकायचा नियम आहे, नाहीतर आरोपीला अर्ज देऊन मिळते. हातात आली की पहिल्यांदा हे शोधा.

न्याय संहितेचं कलम ३०३(२), म्हणजे साधी चोरी. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण वस्तू पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, आधी कधी शिक्षा झालेली नसेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा आहे, तुरुंग नाही. शिवाय अशी पाच हजारांखालची चोरी जामीनपात्र आहे आणि अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. आपल्याकडे ठाण्यात याला अदम चेक म्हणतात.

कलम ३०५. इथे लोक फसतात. राहत्या घरातली चोरी तर यात येतेच, पण "मालमत्ता ठेवण्यासाठी वापरली जाणारी इमारत" हेही त्यात आहे, म्हणजे दुकान, गोदाम. दोन हजारांची जीन्स शोरूममधून उचलली आणि ३०५ लावलं तर शिक्षा सात वर्षांपर्यंत, जामीन कोर्टातून, आणि पाच हजारांचा फायदा कलमात लिहिलेलाच नाही. गाडीतून सामान उचलणं, देवळातली मूर्ती, सरकारी किंवा नगर निगमची वस्तू, हे सगळंसुद्धा ३०५.

कलम ३०६, नोकराने किंवा क्लार्कने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरणं. हेही सात वर्षं. मावशींवर तीन हजारांचा आळ असला तरी किंमत बघून हुश्श करू नका.

कलम ३१७(२), चोरीचा माल ठेवणं. जुन्या मोबाईलवाले बहुतेक इथे येतात. यात "चोरीचा आहे हे माहीत होतं किंवा तसं वाटायला कारण होतं" हे त्यांना सिद्ध करावं लागतं, म्हणून कोणाकडून घेतला, किती दिले, यूपीआयचा स्क्रीनशॉट, चॅट, सगळं त्याच दिवशी गोळा करा. वीस हजारांचा फोन चार हजारांत घेतला असेल तर मात्र "मला काय माहीत" फारसं चालत नाही, हे खरं सांगते.

तपासा: एफआयआरमधली किंमत कुठून आली? दुकानदार एमआरपी सांगतो, फिर्यादी तीन वर्षं जुन्या फोनची नवीन किंमत लिहितो. ४,५०० ची वस्तू ६,००० ची झाली की केसची जातच बदलते. बिल, मॉडेल, जुनी वस्तू किती वर्षांची, याचे कागद वकिलाला द्या. वीस हजारांच्या आतली ३०३(२), ३०५ किंवा ३०६ असेल तर संक्षिप्त सुनावणीत चालू शकते, आणि तशी चालली तर तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद देताच येत नाही, म्हणून वरचा आकडासुद्धा महत्त्वाचा.

टप्पा ३: ठाण्यात काय बोलायचं, कशावर सही करायची

आता मुख्य गंमत सांगते, गंमत कसली म्हणा. लोकांना वाटतं पोलिसांसमोर कबूल केलं की संपलं. तसं नाही. पोलिसांना दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. पण दोन दरवाजे उघडे असतात आणि माणसं नेमकी त्यातूनच आत जातात.

पहिला दरवाजा मेमोरेंडम. "चला, मी दाखवतो कुठे ठेवलंय", असं म्हणून तुम्ही वस्तू काढून दिलीत की त्या सांगण्यातला जेवढा भाग वस्तू सापडण्याशी जोडलेला आहे तेवढा पुरावा होतो. म्हणून वस्तू खरंच तुमच्याकडे असेल तर परत कशी करायची हे वकिलाशी बोलल्याशिवाय ठरवू नका.

दुसरा दरवाजा माफीनामा. दुकानाच्या मॅनेजरने, मालकाने, सोसायटीच्या अध्यक्षाने खुर्चीत बसवून लिहून घेतलेला, "मी चोरी केली, मला माफ करा, पुन्हा करणार नाही". ते पोलीस नाहीत, म्हणून ही कबुली कोर्टात आणता येते! धमकी किंवा आमिष दाखवून घेतली असेल तर वकील त्यावर भांडतो, पण मग भांडत बसावं लागतं. आमच्या गल्लीतला एक मुलगा, दुकानात काम करायचा, गल्ल्यातले बत्तीसशे कमी आले, त्याच्या बाबांनी स्वतः शंभरच्या स्टॅम्पवर त्याच्याकडून लिहून घेतलं की बाबा प्रकरण इथेच संपेल. दोन महिन्यांनी चालानच्या, म्हणजे आरोपपत्राच्या, पानांत तोच स्टॅम्प पहिल्या क्रमांकाला होता. आणि पैसे दुसऱ्याच माणसाने घेतले होते असं घरच्यांचं आजही म्हणणं आहे, पण आता कोणाला पटवणार.

लिहायचंच असेल तर वकिलाने लिहिलेलं, "गुन्हा मान्य नाही, वाद मिटवण्यासाठी अमुक रक्कम देत आहे", आणि पैसे बँकेतून. रोख दिले तर ना पावती ना पुरावा.

चौकशीत नाव, पत्ता, काम सांगा. स्वतःला गुंतवणाऱ्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा हक्क आहे, नम्रपणे "वकिलांशी बोलून सांगतो" एवढं म्हणा. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ बाजूला बसवता येत नाही. खोटं मात्र बोलू नका, "मी त्या दिवशी भोपाळला होतो" म्हणायचं आणि फोनचं लोकेशन इंदूरच्या राजवाड्याचं निघायचं, असं झालं की वकीलही कपाळाला हात लावतात.

सावध: कोऱ्या कागदावर सही नाही, अर्धवट भरलेल्या जप्ती पत्रकावर नाही. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असा आता नियमच आहे, बीएनएसएस कलम १०५. झाली नसेल तर तारीख-वेळेसकट लिहून ठेवा.

तपासा: तुमच्या बाजूचं सीसीटीव्ही आहे का? समोरचं दुकान, गल्लीतला कॅमेरा, पार्किंग. ही रेकॉर्डिंग काही दिवसांत स्वतःवरच लिहून पुसली जाते. पोलिसांना आणि कोर्टाला फुटेज राखून ठेवण्याचा लेखी अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या. हे काम वकील विसरतात, तुम्ही आठवण करा.

टप्पा ४: अटक झालीच तर

अटक पत्रक बनायला हवं, त्यावर घरच्याची किंवा मोहल्ल्यातल्या साक्षीदाराची सही, अटकेचं कारण सांगायला हवं, घरी कळवायला हवं, मेडिकल व्हायला हवं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नाही, अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची परवानगी घेऊनच. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर, प्रवासाचा वेळ सोडून, आणि रविवार-दिवाळी असली तरी हे तास थांबत नाहीत, सुट्टीत रिमांड मॅजिस्ट्रेट असतात.

घरच्यांनी त्या रात्री काय करायचं तर ठाण्याबाहेर वीस जण जमवून आरडाओरडा नाही. एकाने ठाण्यात थांबायचं, एकाने वकील बघायचा, एकाने कागद काढायचे. वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० वर फोन, किंवा कोर्टातल्या जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा. बायका, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, आणि कस्टडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. लोक लाजतात, कशाला लाजायचं.

मॅजिस्ट्रेटसमोर उभं केल्यावर मारहाण झाली असेल तर तिथेच बोला. नंतर सांगितलं तर "तेव्हा का नाही सांगितलं" हाच पहिला प्रश्न येतो.

एक छोटी गोष्ट, कधी कधी चोरीत नाही तर जुन्या सीआरपीसी १५१ मध्ये, आता बीएनएसएस १७०, बंद करतात. ती प्रतिबंधक कारवाई असते, चोरीची केस नाही. इंदूरात २०२१ पासून पोलीस कमिश्नरी आहे, त्यामुळे तो बाँड पोलिसांच्याच एसीपी कोर्टात होतो. दोन्हीत गोंधळ करू नका.

टप्पा ५: जामीन

पाच हजारांखालची ३०३(२) असेल तर जामीन हक्काचा. बाकी ठिकाणी कोर्ट देतं, आणि पहिलाच गुन्हा, वस्तू जप्त झालेली, पत्ता पक्का, असं असेल तर साधारण चोरीत मॅजिस्ट्रेटकडे किंवा सेशनला काम होतं. अटकेची भीती आधीच असेल तर बीएनएसएस कलम ४८२ खाली अग्रिम जामीन (अटकपूर्व जामीन) सेशन किंवा हायकोर्टात. साठ दिवसांत चालान आलं नाही तर जामीन आपोआप मिळतो असं लोक म्हणतात, आपोआप काही नाही, अर्ज द्यावा लागतो, आणि चालान यायच्या आत द्यावा लागतो.

लागणारे कागद: आधार, दहावीची मार्कशीट, नोकरीचं पत्र किंवा कॉलेजचं आयडी, घरभाड्याचा करार किंवा लाइट बिल, आईबाबा आजारी असतील तर डॉक्टरांचे कागद. जमानतदार म्हणून शेतीची ऋण पुस्तिका (जमिनीचं सरकारी पुस्तक) असलेला काका, घराची रजिस्ट्री असलेले मामा, किंवा एफडी, तुमचं कोर्ट काय मान्य करतं ते आधी मुन्शीला विचारा. दुपारी जामीन मंजूर, जमानतदार देपालपूरहून निघतोय, पोहोचला साडेपाचला, कोर्ट उठलं, पोराची अजून एक रात्र जेलमध्ये. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता जमानतदाराला सकाळी दहालाच बेंचवर बसवून ठेवते.

सावध: कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे भाड्याचे जमानतदार घेऊ नका. कागद खोटे निघाले तर नवीन केस तुमच्यावर.

जामिनानंतर एकही पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, चुकवू नका. हजर न राहणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत. फिर्यादीला फोन नाही, त्याच्या दुकानासमोरून चक्कर नाही.

टप्पा ६: मिटवणं वेगळं, कबूल करणं वेगळं

हा टप्पा दोनदा वाचा.

इथल्या कोर्टात तडजोडीला राजीनामा म्हणतात. पुण्याहून आलेल्या एका काकूंना मी "राजीनामा करून घेऊ" म्हटलं तर त्या म्हणाल्या, अहो तो नोकरी कुठे करतो! असो. ३०३(२) ची आणि ३१७(२) ची केस वस्तूचा मालक कोर्टात मिटवू शकतो, परवानगीसुद्धा लागत नाही. ३०६ ची कोर्टाच्या परवानगीने. आणि राजीनाम्याचा परिणाम निर्दोष सुटका. दोषी नाही, शिक्षा नाही.

"जुर्म कबूल" म्हणजे दोषी ठरणं. दंड पाचशेच असला तरी दोषीच. आणि घाईत माणसं काय करतात, पेशीला कंटाळून म्हणतात साहेब दंड भरतो, सोडा. पहिला गुन्हेगार हे बिरूद एकदाच वापरता येतं, ते पाचशे रुपयांत संपवून येतात.

म्हणून क्रम असा. आधी राजीनामा होतो का बघा. फिर्यादीने ठाण्यात जाऊन "मी केस परत घेतो" म्हटल्याने काही संपत नाही, ते कोर्टातच होतं, चालान आल्यावर, नॅशनल लोक अदालतीतही होतं. लोक अदालतीत सही करताना स्पष्ट विचारा की हा राजीनामा आहे का कबुली. कलम ३०५ असेल तर राजीनामा या यादीत नाही, मग दोन्ही पक्षांची खरी तडजोड असेल तर बीएनएसएस कलम ५२८ खाली हायकोर्टाच्या इंदूर बेंचकडे केस रद्द करायला जावं लागतं, ते देतीलच असं नाही.

टप्पा ७: चालान आल्यावर

हजर झाल्यापासून चौदा दिवसांत चालानच्या सगळ्या कॉपी फुकट मिळायला हव्यात. घरी बसून वाचा, वकिलावर सोडू नका. जप्तीची वेळ, साक्षीदार कोण (पोलिसांचे नेहमीचेच तर नाहीत?), वस्तूची ओळख पटवली का, सीसीटीव्हीसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आहे का. केसमध्ये दमच नसेल तर कॉपी मिळाल्यापासून साठ दिवसांत डिस्चार्जचा, म्हणजे आरोपमुक्त करण्याचा, अर्ज.

आरोप निश्चित झाले आणि पुरावा खरंच जड असेल, तर तीस दिवसांत प्ली बार्गेनिंगचा (गुन्हा मान्य करून शिक्षा कमी करून घेण्याचा) अर्ज करता येतो, पहिल्यांदाच असलेल्याला शिक्षा कमाल शिक्षेच्या एक षष्ठांशापर्यंत खाली येऊ शकते. पण तीही शेवटी दोषसिद्धीच, म्हणून राजीनाम्याचा दरवाजा बंद झाल्यावरच.

टप्पा ८: दोषी ठरलातच तर, त्याच दिवशी

निकाल ऐकून लोक रडायला लागतात आणि शिक्षेवर बोलायची वेळ निघून जाते. वकिलाला आधीच सांगून ठेवा की परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम १९५८ चा अर्ज तयार हवा. कलम ३ मध्ये साधी चोरी, घरातली चोरी, नोकराने केलेली चोरी यांची नावंच आहेत, आधी शिक्षा नसेल तर नुसती समज देऊन सोडता येतं. कलम ४ म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा बाँड, जास्तीत जास्त तीन वर्षं. वय एकवीसच्या आत असेल तर कलम ६ प्रमाणे तुरुंगात पाठवायला कोर्टाला कारण लिहावं लागतं. परिवीक्षा अधिकारी घरी येऊन चौकशी करतात, त्या दिवशी घरी थांबा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर शेजारीण काहीतरी बोलून जायची.

सामुदायिक सेवा मिळाली तर ती बिनपगारी असते, कोर्ट सांगेल तिथे, सांगेल तितके दिवस. हजेरीचा कागद स्वतःकडे ठेवा.

टप्पा ९: केस संपल्यावरचे कागद

केस चालू असताना पासपोर्ट हवा असेल तर कोर्टाची परवानगी लागते, लपवून अर्ज केला तर पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये निघतंच. सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये जे विचारलंय ते खरं लिहा, अवतार सिंग निकालात, २०१६, सुप्रीम कोर्टाने माहिती लपवणं हाच वेगळा दोष धरलाय. परिवीक्षेवर सुटलेल्याला कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही, पण "कधी दोषी ठरलात का" असा थेट प्रश्न असेल तर उत्तर "नाही" होत नाही, वकिलाला दाखवून भरा.

जप्त झालेला तुमचा स्वतःचा मोबाईल, गाडी सुपुर्दगीत (केस संपेपर्यंत सांभाळायला) सोडवायचा अर्ज केस संपायची वाट न बघता देता येतो. आणि अंतिम आदेशाची नकल (प्रमाणित प्रत) लगेच काढा, तीन काढा, एक घरी, एक आईकडे, एक डिजिटल. पाच वर्षांनी ठाण्याच्या रेकॉर्डमध्ये केस "पेंडिंग" दिसली की फाईल शोधायला पुन्हा माझ्यासारखीच कोणी मुन्शी गाठावी लागते, आणि तोपर्यंत ती फाईल रेकॉर्ड रूमच्या कुठल्या कपाटात गेली असेल सांगता येत नाही.